शुक्रवारची बादली

त्या शुक्रवारी प्रार्थना आटोपून वर्गात आलो, तर आमच्या बाकाखाली बादली नव्हती.

मी वाकून पाहिलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या नयना वाबळेनंही पाहिलं. दाराआड नव्हती, फळ्यामागं नव्हती. कुणीतरी लपवली असेल, असं मी म्हणाले. नयना दप्तरातली पुस्तकं काढत राहिली.

बादलीचं आधी सांगते. आमची शाळा म्हणजे संत इसिदोर विद्यालय, वाघजळी; नगर जिल्ह्यातलं कालव्याच्या काठचं गाव. मिशनची शाळा. शुक्रवारी शेवटच्या तासाला कडुलिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लांब लांब ठोके पडायचे, रोजच्या घंटेसारखे भराभर नाहीत, आणि सगळी शाळा उठायची. कुणी मैदान झाडायचं, कुणी व्हरांडा. आणि प्रत्येक वर्गातली एक जोडी संडास धुवायला जायची. हजेरीच्या क्रमानं पाळी. बागाईतदाराची पोर असो नाहीतर मास्तरांचा पोरगा, सुटका नाही. ज्यांची पाळी, त्यांच्या बाकाखाली सकाळपासूनच बादली येऊन बसायची, आत खराटा आणि फिनेलची बाटली. दिवसभर ती पायाला लागायची. एक बादली मुख्याध्यापकांच्या टेबलाखालीही असायची, कारण दर शुक्रवारी पहिला संडास मुख्याध्यापकांचा. कुणी कुणाला चिडवायचं नाही. चिडवणाऱ्याची पाळी आज ना उद्या यायचीच.

तिला ‘फादरची बादली’ म्हणायचे. शाळा काढणारे फादर ब्रूनो स्वित्झर्लंडचे. त्यांनी ही पद्धत पाडली, असं पाचवीत पाऊल टाकल्याबरोबर आम्हाला सांगितलं होतं.

सिस्टर एमिल्डा आल्या, हजेरी घेतली आणि कॅटलॉग मिटता मिटता म्हणाल्या की आजपासून बादली बंद. पुढच्या शुक्रवारी शाळेचा रौप्यमहोत्सव आहे, बिशप येणार आहेत, फादर तुस्कानोंनी साफसफाईला एक बाई नेमली आहे. मुलांनी आता अभ्यासाकडं लक्ष द्यावं.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. संडास धुवायला कुणाला आवडतं?

शेवटचा तास भूमितीचा होता. खिडकीतून मैदान दिसायचं. पदर खोचलेली एक बाई दोन हातांत दोन बादल्या घेऊन उन्हातून संडासांकडं चालली होती. डावा खांदा जरा खाली टाकून चालायची तिची तऱ्हा. ती चाल मी अंधारातही ओळखली असती.

नयना म्हणाली, “सुवार्ता, ती तुझी आई आहे ना?”

हळूच म्हणाली ती. पण भूमितीच्या तासाला वर्गात शांतता असते.

*

आम्ही मांगाचे ख्रिस्ती. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, आजोबा क्रूस गळ्यात घालूनच मातीत गेले. पण गावानं आम्हाला ख्रिस्ती कधी म्हटलं नाही, मांगच म्हटलं. गावाचं सोडा. चर्चमध्येसुद्धा वरच्या आळीचे ख्रिस्ती उजवीकडं बसायचे आणि आम्ही डावीकडं. मधल्या वाटेनं प्रभू येशू ये-जा करायचा, त्याला यातलं काही विचारलं नव्हतं.

शाळेत आधी आमचीच पोरं असायची. मग मॅट्रिकचा निकाल चांगला लागायला लागला आणि बागाईतदारांना मिशनची शाळा आवडायला लागली. नयनाची पुस्तकं नवी, माझी जुनी. तिच्या डब्यात तूपपोळी, माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा. बादली तेवढी एकच होती. ती दोघींनी दोन्हीकडून धरायची आणि न सांडता न्यायची. सबंध गावात ती एकच वस्तू होती जिच्याजवळ मी वाबळ्यांच्या पोरीएवढी होते.

घरी आले तर आई चुलीपुढं बसून हात धूत होती. साबण लावायची, धुवायची, परत लावायची. बाप बाजेवर बसून क्लॅरोनेटची पत्ती पुसत होता. तो बँडमध्ये वाजवायचा. लग्नसराई संपली की घरी. त्या दिवशी त्याचं तोंड उजळलं होतं. त्यानंच सांगितलं की रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर फादर आळीत आले होते, म्हणाले आपल्यातलंच कुणी असेल तर बरं, नोकरी कायमची आहे. सगळ्या बाया खाली बघत होत्या. कौसा, म्हणजे आई, ‘हो’ म्हणाली.

“मला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“सांगून तू काय करणार होती?” आई म्हणाली.

मी म्हणाले, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही. आईनं हात पुसले, भाकरीचं पीठ पुढं ओढलं आणि माझ्याकडं न बघता बोलली.

“नको जाऊ. चल माझ्यासंगं, तुला बी खराटा देते. एकीला दोघी.”

मी शाळेत गेले.

*

शाळेला कळायला वेळ लागला नाही. सोमवारी माझ्या बाकावर कुणीतरी खराट्याच्या काड्या पसरून ठेवल्या होत्या. मंगळवारी मुलांच्या संडासातून हाक आली, “ए कौसाबाई, पाणी टाक.” हाक मारणारा सातवीतला होता. आठ दिवसांपूर्वी त्यानं माझ्या आईला रस्त्यात बघितलं असतं तर ‘मावशी’ म्हणाला असता.

आणि संडास. पूर्वी ते चकाचक नसत, पण नीट असत. घाण केली तर पुढच्या शुक्रवारी आपल्यालाच भेटणार हे ज्याला त्याला माहीत होतं. आता धुणारी दुसरीच होती. पोरं पाणी टाकेनात. भिंतीवर काय काय लिहायला लागली. आई सकाळी धुवायची, दुपारी बघवत नसायचं. एकदा ती नळाजवळ उभी राहून संडासांच्या रांगेकडं नुसती बघत होती. मी तिच्या बाजूनं गेले. तिनं मला ओळख दिली नाही. तसं आमचं ठरलेलं नव्हतं. तिनंच ठरवलं होतं.

बुधवारी मी फादर तुस्कानोंकडं गेले. ते वसईचे, सडपातळ, नवे मुख्याध्यापक. राजदूत फटफटीवर फिरायचे आणि आमच्या आळीत कुणी आजारी पडलं तर पावसापाण्यातही यायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. मी विचारलं, बादली का बंद केली? त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की शाळेला प्रयोगशाळा हवी आहे, दादापाटील वाबळे ती बांधून देणार आहेत, पालकांच्या भावना असतात. शिवाय तुमच्या घरालाही हातभार लागला.

“काळाप्रमाणं पद्धत बदलते, बाळ,” फादर म्हणाले. “मूल्य राहतं.”

मग त्यांनी टंकलिखित कागद पुढं केले. महोत्सवात शाळेचा इतिहास वाचायचा होता आणि माझा आवाज शाळेत सगळ्यांत खणखणीत. मीच वाचावं अशी त्यांची इच्छा होती. मी कागद घेतले. त्यांच्या टेबलाखाली बघितलं. तिथं बादली नव्हती, चपलांचा जोड होता.

नयनानं मात्र बाक बदलला नव्हता. मला वाटलं होतं ती बदलेल. त्या दुपारी मी तिला टोमणा मारलाच, की तुझं बरं झालं, सुटलीस.

ती खाली बघून बोलायला लागली. मागल्या पाळीला आपण सगळ्यांत आधी संडास धुऊन आलो, हे तिनं घरी कौतुकानं सांगितलं. चुलता हसला. म्हणाला, वाबळ्यांची पोर मांगाच्या पोरीसंगं संडास धुते, आता एवढंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, दादापाटील, फादरांकडं गेले.

“मला नाहीच आवडत ते,” नयना म्हणाली. “वास येतो, मळमळतं. पण आता तर मला संडासला जाताच येत नाही. तुझी आई तिथं उभी असते. माझ्यामागं ती धुणार. मी सकाळपासून धरून ठेवते, सुवार्ता. घरी जाईपर्यंत.”

मला हसू आलं. मग तिलाही आलं. हसताना तिनं पोट दाबून धरलं, म्हणून आणखी हसू आलं. त्या आठवड्यात मी तेवढंच हसले.

*

गुरुवारी संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि मी उंबऱ्यात बसून इतिहास पाठ करत होते. बाप बँडच्या तालमीला गेला होता. महोत्सवात बिशपांच्या स्वागताला त्यांचाच बँड होता. मी मोठ्यानं वाचत होते: “श्रमप्रतिष्ठेचे मूल्य रुजवण्यासाठी फादर ब्रूनो यांनी एके दिवशी स्वतः बादली उचलली, आणि ही उज्ज्वल परंपरा आजतागायत अखंड सुरू आहे.”

आईच्या हाताचा आवाज थांबला.

“परत वाच.”

मी परत वाचलं. आई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी हसत होती.

“उचलली म्हणं,” ती म्हणाली. “अशीच उचलली व्हय? आभाळातून आवाज आला आसंल, ब्रूनो, बादली उचल.”

मी विचारलं, मग कशी उचलली? तिनं भाकरी उलटली. मला वाटलं, सांगणार नाही. आई आठवीपर्यंत त्याच शाळेत होती एवढंच मला माहीत होतं. शाळेचं तिनं कधी काही सांगितलं नव्हतं.

“बोर्डिंगच्या पोरांसाठी फादरनं संडास बांधले,” ती म्हणाली. “गावात तव्हा कुणाकडंच संडास न्हवता. पाटलाकडं बी न्हाई. सारं गाव ओढ्याला जायचं. संडासच न्हवता, तर तो धुवायची जात बी गावात न्हवती. शांतवन मास्तरनं ती शोधून काढली.”

शांतवन मास्तर म्हणजे शाळेचे पहिले शिक्षक. ख्रिस्तीच, पण वरच्या आळीचे. त्यांनी वर्गातली मांगांची तीन पोरं उभी केली आणि सांगितलं, आजपासून हे तुमचं काम. दोघांनी मुकाट्यानं बादल्या उचलल्या. तिसरी कौसा. ती शाळेच्या पायरीवर जाऊन बसली.

“का बसलीस?”

“काय म्हाईत. पाय उठलेच न्हाईत.” आईनं भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी केली. “मग ब्रूनो फादर आले. मला वाटलं, मास्तरला बोलतील. तर मलाच म्हणले, कौसा, आज्ञा पाळणे. त्यांचं मराठी तसंच व्हतं. मी म्हणलं, फादर, आधी तुम्ही पाळा.”

मी कागद खाली ठेवले.

पुढचं तिनं भराभर सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं. फादरांनी तिला दिवसभर पायरीवरच बसवून ठेवलं, उन्हात. संध्याकाळी तिचा बाप आला. पोरगी साहेबापुढं तोंड वर करून बोलली हे ऐकून त्यानं तिथंच, सगळ्या शाळेपुढं, जोड्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेत गेली आणि पुन्हा त्याच पायरीवर बसली. शुक्रवार होता. दुपारी फादर ब्रूनो स्वतः बादली घेऊन आले. झगा वर खोचला आणि आत गेले.

“मागच्या अंगाला जाऊन ओकले बिचारे,” आई म्हणाली. “चूळ भरायला पाणी म्याच नेऊन दिलं. मग त्यांनी बादली शांतवन मास्तरच्या हातात दिली. त्यांच्यामागून एकेकाच्या. माझी पाळी आली तव्हा म्याबी धुतलं. पाळी आली की धुवायचं. त्यात काय लाजायचं?”

“हे कुणाला कसं माहीत नाही?”

“काय सांगायचं? बापाचे जोडे खाल्ले ते? त्या साली माझं लगीन लावून दिलं. शाळेनं पोरगी बिघडली म्हणं.”

माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, तेव्हा तू जोडे खाल्लेस पण उठली नाहीस, आणि आता फादर नुसते आळीत आले तर हो म्हणालीस.

आई चुलीत बघत राहिली.

“तव्हा मला पोर न्हवती,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं मी म्हणाले, उद्या मी हेच सांगणार. तिनं पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला, आणि दाबला.

“वाच ते लिव्हलंय तसं. तुला नर्सिंगला घालायचंय मला. क्लॅरोनेटवर न्हाई व्हत नर्सिंग. एक शब्द इकडचा तिकडं केलास तर मी तुझी आई न्हाई.”

*

शुक्रवारी मैदानात मांडव पडला. व्यासपीठावर मधोमध बिशप, एका बाजूला फादर तुस्कानो, दुसऱ्या बाजूला फेटा आणि हार घातलेले दादापाटील वाबळे. पुढं सगळी शाळा सतरंज्यांवर, मागं पालक. बँड डावीकडं, बाप लाल कोटात. नयना आरतीचं ताट घेणाऱ्या मुलींत होती, जरीच्या परकरात. आई मांडवाच्या बाहेर, कडुलिंबाखाली, दोन बादल्या शेजारी ठेवून उभी होती. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी तिला हलायची सोय नव्हती.

दादापाटलांचं भाषण झालं. प्रयोगशाळा जाहीर झाली. टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं.

मी वाचायला लागले. आवाज कर्ण्यातून पार कालव्यापर्यंत जात होता. कुडाच्या खोलीत शाळा कशी सुरू झाली, फादर ब्रूनो सायकलवरून वाड्या-वस्त्या कसे फिरले, पहिल्या मॅट्रिकचा निकाल. सगळं खरं होतं आणि मी ते मनापासून वाचत होते. त्या शाळेनंच मला वाचायला शिकवलं होतं. मग ते वाक्य आलं. ‘स्वतः बादली उचलली’ इथपर्यंत मी वाचलं. ‘आणि ही उज्ज्वल परंपरा’ हेही वाचलं. पुढचा शब्द ‘आजतागायत’.

तो तोंडातून येईना. मी मान वर केली. सरळ समोर कडुलिंब होता.

“फादर,” मी म्हणाले, आणि ते कर्ण्यातून गेलं, “हे वाक्य मला वाचता येत नाही.”

फादर तुस्कानो खुर्चीतून पुढं झुकले. “वाच, बाळ,” ते हळू म्हणाले. सिस्टर एमिल्डांनी कपाळाला हात लावला. मी आईकडं बघत होते. मला वाटलं, ती मान हलवेल, नको म्हणेल. मला माझ्या मनगटावरचं तिच्या हाताचं पीठ आठवत होतं. मी पुढचा शब्द वाचायचंच ठरवलं होतं, खोटं कशाला सांगू.

आईनं मान हलवली नाही. ती वळली, कडुलिंबाच्या बेचक्यातला लोखंडी टोला काढला, आणि रुळावर घातला.

एक. मग थांबली, आवाज विरू दिला. मग दुसरा. शुक्रवारचे ठोके.

पाचवीची पोरं आधी उठली. त्यांना काय कळतंय. घंटा झाली, उठायचं. मग सहावी. मग सबंध शाळा, बिशपांपुढं, सतरंज्यांवर उभी. सिस्टर दबल्या आवाजात ‘बसा, खाली बसा’ म्हणत रांगांतून पळत होत्या. बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला. बापाचा चेहरा पांढरा पडला होता. नोकरी गेली हे त्याला दिसत होतं. काय करावं ते न सुचून त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि वरातीचं गाणं सुरू केलं. दोन ओळी वाजवून तोच थांबला.

बिशप वाकून फादर तुस्कानोंना म्हणाले, “ही कसली घंटा?”

फादरांनी मान वळवली. ते कडुलिंबाकडं बघत होते. मग दादापाटलांकडं. मग माझ्याकडं. माझ्यापुढं माईक होताच.

“घंटा वाजवणारी माझी आई आहे,” मी म्हणाले. “कौसा. आठवीत असताना ती त्या पायरीवर बसली आणि उठली नाही. म्हणून फादर ब्रूनोंनी बादली उचलली. ते या कागदात नाही.”

मला वाटलं, आता मांडव अंगावर पडणार. तेवढ्यात आरतीचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“फादर,” नयना म्हणाली, “गेल्या शुक्रवारी आमची पाळी राहिली.”

दादापाटील खुर्चीतून अर्धे उठले. “नयना, खाली बस.”

“आलेच, दादा,” ती म्हणाली, आणि परकर सावरत कडुलिंबाकडं चालायला लागली. मी व्यासपीठावरून उडी मारली आणि तिच्यामागं पळाले. बादलीची कडी तिनं एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या. आईनं आमच्याकडं बघितलं नाही. तिचं लक्ष व्यासपीठाकडं होतं.

फादर तुस्कानो उभे राहिले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं.

“आमच्या शाळेची पद्धत आहे, महागुरुस्वामी,” ते म्हणाले. “आज शुक्रवार. पहिली पाळी माझी असते.”

आणि ते उतरले. पोरांनी वाट दिली. सगळी शाळा बघत होती, सगळे पालक बघत होते, आणि आमच्या आळीतली माणसं तर पाय उंचावून बघत होती. ते आईपुढं येऊन उभे राहिले. मला वाटलं, क्षमा मागतील, मोठं काहीतरी बोलतील. त्यांनी नुसता हात पुढं केला. आईनं दुसरी बादली त्यांच्या हातात दिली.

“झगा वर खोचा, फादर,” ती म्हणाली. “ओला व्हतो.”

*

नोकरी गेली नाही. त्या रात्री बाप जेवला नाही, आणि सोमवारी सकाळी आईबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेला, हात जोडायची तयारी करून. फादर तुस्कानोंनी आईला आत बोलावलं आणि रुळाचा टोला तिच्या हातात दिला. शाळेचा म्हातारा शिपाई तसाही घंटा विसरायचा. बादल्या बाकांखाली परत गेल्या, आई शिपाई झाली, आणि निवृत्त होईपर्यंत वाघजळी तिच्या ठोक्यावर उठलं-बसलं. दादापाटलांनी महिनाभर शाळेचं तोंड बघितलं नाही; मग प्रयोगशाळा बांधली, त्यांच्या आईच्या नावाची पाटी लावून. नयनाला त्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं नाही. का घातलं नाही ते मला ठाऊक नाही. कदाचित तीही घरच्या पायरीवर बसून राहिली असेल.

इतिहासाची पुस्तिका मात्र आधीच छापून आली होती. त्यात बादली फादर ब्रूनोंनीच उचलली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू असं सगळे म्हणाले. पुढची आवृत्ती कुणी काढली नाही. मी नर्स झाले, जे मनात खदखदत होतं ते रात्रपाळीनंतर लिहायला शिकले, आणि या वाक्यावरून चार मुख्याध्यापकांशी भांडले. आई मला म्हणायची, तुला दुसरा धंदा न्हाई का गं.

मागच्या वर्षी शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. मी मुद्दाम शुक्रवार मागून घेतला. पाचवीच्या वर्गात गेले तर पुढच्या बाकाखाली बादली होती, आता प्लॅस्टिकची, निळी. बाकावर दोन चिमण्या पोरी. मी विचारलं, ही काय आहे?

“कौसाची बादली,” एक म्हणाली.

मी बाकाशी उकिडवी बसले. मग विचारलं, कौसा कोण?

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. हे कुणाला माहीत नसतं, अशा चेहऱ्यानं दुसरी म्हणाली, “संत होती ना. पायरीवर बसून राहिली, मग चमत्कार झाला. फादर आत गेले.”

आई त्या वेळी घरी ओसरीवर बसली होती, दात पडलेल्या तोंडानं शेंगा चावायचा प्रयत्न करत. पुस्तिकेतल्या एका खोट्यासाठी मी निम्मं आयुष्य भांडले. हे मात्र मी दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी आईला सांगितलं. तिनं बराच वेळ खांदे हलवले.

“कोणता वार त्या संताचा?” तिनं विचारलं, आणि स्वतःच म्हणाली, “शुक्रवार आसंल.”